इलेक्ट्रिक ब्लँकेट मध्यरात्री आपोआप बंद पडतं: कारण कसं शोधायचं

झोपायला जाताना ब्लँकेट छान तापलेलं असतं. पहाटे जाग येते तेव्हा ते थंडगार, आणि कंट्रोलरवरचा दिवा एक तर विझलेला, नाहीतर लुकलुकत असतो. प्लग काढून परत लावला, बटण दाबलं की पुन्हा चालू. दोन रात्री बऱ्या जातात, तिसऱ्या रात्री परत तेच.

असं तीन-चार वेळा झालं की माणूस वैतागून नवीन ब्लँकेट शोधायला लागतो. नाहीतर एखादा हौशी गडी 'ही सेफ्टी बायपास कशी करायची' याच्या मागे लागतो. पहिल्याचे पैसे वाया जाण्याची शक्यता आहे. दुसऱ्याचं अंथरूण पेटण्याची.

ब्लँकेट बंद पडतं तेव्हा बहुतेक वेळा त्याने स्वतःच स्वतःला बंद केलेलं असतं, आणि त्याला काहीतरी कारण असतं. ते कारण बाहेरचं असेल तर उपाय चादर नीट घालण्याइतका सोपा निघतो. कारण आतल्या तारेत असेल तर घरच्या घरी उपायच नसतो. त्यामुळे सगळी मेहनत दुरुस्तीवर न करता कारण शोधण्यावर करायची.

आधी दिवा बघा, मग घड्याळ

बंद पडलेलं ब्लँकेट दिसलं की लगेच प्लग उपटू नका. कंट्रोलर काय दाखवतोय ते बघा. दिवा पूर्ण विझलेला आहे, लुकलुकतोय, की नीट चालू आहे आणि तरी ब्लँकेट गार आहे? या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि प्लग काढला की हा पुरावा पुसला जातो.

दिवा विझलेला असेल तर पहिला संशय टायमरवर घ्या. आजकालच्या जवळपास सगळ्या कंट्रोलरना ठरावीक वेळाने बंद होण्याची सोय असते. अंगावर घेऊन बसायच्या छोट्या ब्लँकेटना ती वेळ बरेचदा दोन-तीन तासांचीच असते. पलंगावरच्यांना आठ, दहा किंवा बारा तास. काहींत ही वेळ आपल्याला बदलता येते आणि काहींत ती कायमची ठरलेली असते. तपासायला सोपं आहे: चालू केल्याची वेळ लिहून ठेवा आणि बंद झाल्याची वेळ शक्य तितकी पकडा. दर वेळी अंतर तेवढंच भरत असेल तर बिघाड काही नाही, टायमर त्याचं काम करतोय. तापमानाचं बटण एकदा खालीवर केलं की काही कंट्रोलर वेळ पुन्हा शून्यापासून मोजतात, काही मोजत नाहीत. तेवढं माहितीपुस्तिकेत बघून घ्या.

अंतर रोज वेगळं येत असेल तर संशय विजेवर. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बहुधा क्षणभर वीज गेली तरी बंद होतो आणि वीज आली तरी आपणहून चालू होत नाही. मुद्दामच तसा बनवलेला असतो, म्हणजे रिकाम्या घरात वीज परत आल्यावर ब्लँकेट एकटंच तापत बसू नये. मध्यरात्री डोळ्याचं पातं लवावं इतका वेळ वीज गेली तर झोपेत आपल्याला कळतही नाही, पंखासुद्धा फिरतच राहतो, पण ब्लँकेट मेलेलं असतं. याच कारणाने भिंतीच्या सॉकेटला बाहेरून टायमर लावून पहाटे ब्लँकेट आपोआप चालू करायचा बेत फसतो. (आणि फसतो ते चांगलंच आहे. ब्लँकेटचा गोळा झालाय की नाही हे न बघता ते चालू होता कामा नये.) वीज जाते का हे पकडायचं असेल तर बॅटरी नसलेलं, विजेवर चालणारं डिजिटल घड्याळ त्याच बोर्डवर लावून झोपा. सकाळी घड्याळाने वेळ विसरलेली असेल तर चोर सापडला.

पण वीज संपूर्ण घराची जाते की फक्त त्या सॉकेटची, हेही बघायला हवं. पलंगामागचं सॉकेट ही घरातली सगळ्यात दुर्लक्षित जागा. प्लग तिथे पलंगाच्या धक्क्याने वाकडा झालेला असतो, वायर उशीखालून ओढलेली असते आणि कूस बदलली की प्लग हलतो. अर्धा तास ब्लँकेट चालू ठेवा, मग ते बंद करून प्लग सॉकेटमधून काढा आणि लगेच पिनांजवळ हात नेऊन बघा. ब्लँकेटचा भार शंभर-दीडशे वॉट, म्हणजे अगदीच किरकोळ. एवढ्याशा भाराने पिना तापत असतील तर सॉकेटची पकड सैल आहे, ते बदलून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डवर ब्लँकेट लावू नका असं उत्पादक लिहितात, ते याच सैल जोडांसाठी. आणि इन्व्हर्टरबाबत: स्वस्त इन्व्हर्टरची वीज शुद्ध साइन वेव्हची, म्हणजे घरच्या लाइनसारख्या गुळगुळीत लहरीची नसते, आणि ब्लँकेटच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरला ती मानवत नाही. घरात इन्व्हर्टर असेल आणि ब्लँकेट नेमकं वीज गेल्यानंतर गडबड करत असेल तर ते इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढा.

लुकलुकणारा दिवा म्हणजे तक्रार

दिवा लुकलुकतोय किंवा पडद्यावर 'ई' किंवा 'एफ' अक्षराचा कोड आलाय, तर कंट्रोलरला ब्लँकेटमध्ये काहीतरी खटकलं आहे. काय खटकलं हे समजायला त्या तारेच्या पोटात काय असतं ते माहीत हवं.

ब्लँकेटमधून नागमोडी फिरवलेली तार दिसायला साधी असते, पण आत थर असतात. मधोमध धाग्याचा गाभा, त्याच्यावर स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तापणारी बारीक तार, तिच्यावर खास प्लास्टिकचा थर, त्यावर दुसरी तार, आणि सगळ्यात बाहेर इन्सुलेशन. कामाचा आहे तो मधला थर. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध झपाट्याने कमी होतो. त्यामुळे तारेच्या अख्ख्या लांबीत कुठेही, अगदी वीतभर तुकडा जरी जास्त तापला, तरी दोन तारांमध्ये थोडा प्रवाह झिरपतो, कंट्रोलरला तो कळतो आणि तो वीज तोडतो. काही रचनांमध्ये हा थर जास्त तापल्यावर चक्क वितळतो, दोन्ही तारा एकमेकींना टेकतात आणि फ्यूज उडतो. पहिल्या प्रकारचं ब्लँकेट गार झाल्यावर परत चालू होतं. दुसऱ्या प्रकारचं कायमचं जातं. काही ब्लँकेटं 'थोड्या वेळाने आपोआप बरी' होतात आणि काही एका रात्रीत संपतात, त्याचं उत्तर इथे आहे. फार जुन्या ब्लँकेटांत हे नव्हतं. त्यांत ठिकठिकाणी छोटे थर्मोस्टॅट शिवलेले असायचे, हाताला गाठीसारखे लागायचे. दोन गाठींच्या मध्ये घडी पडली तर त्यांना पत्ताच लागत नसे. घरात असं गाठींचं ब्लँकेट अजून असेल तर या लेखाची पुढची वाट बघू नका, ते निकालात काढा.

आता लुकलुकणाऱ्या दिव्याची पहिली तपासणी, आणि अर्धे रुग्ण इथेच बरे होतात. कंट्रोलरची वायर ब्लँकेटला जिथे जोडलेली असते तो चपटा जोड, बहुधा पायथ्याशी किंवा डोक्याकडच्या कोपऱ्यात. हा जोड गादी आणि पलंगाच्या चौकटीमध्ये चेपला जातो, चादर खोचताना हाताने ढकलला जातो, लाथेने हलतो. भिंतीवरचा प्लग काढा आणि मगच या जोडाला हात लावा. पूर्ण बाहेर काढा. पिनांमध्ये कापसाची लव अडकलेली असते, ती कोरड्या मऊ ब्रशने काढा. पिना सरळ आहेत का, कुठे काळवंडलं आहे का, प्लास्टिक तपकिरी पडलंय का ते उजेडात बघा. काळं किंवा वितळलेलं काही दिसलं तर तपासणी तिथेच थांबली, ब्लँकेट बाद. सगळं स्वच्छ असेल तर जोड सरळ धरून 'कट्' असा आवाज येईपर्यंत दाबा. नुसता टेकवलेला आणि पुरता बसलेला जोड वरून सारखेच दिसतात, म्हणून कानावर भरवसा ठेवा. मग तो अशा जागी ठेवा की त्याच्यावर कुणी झोपणार नाही आणि गादीखाली दबणार नाही.

उष्णता कुठे कोंडली जाते?

जोड ठीक आहे, वीज ठीक आहे, तरी ब्लँकेट चालू केल्यावर तासाभरात किंवा दोन तासांत रुसतं. मग ते कुठेतरी जास्त तापतंय, आणि ते कुठे हे शोधायचं. माझ्या मते इलेक्ट्रिक ब्लँकेटच्या निम्म्याहून जास्त कटकटी या एका गोष्टीत आहेत: लोक त्याला साध्या पांघरुणासारखं वागवतात.

सगळ्यात नेहमीचं कारण घडी. ब्लँकेट गादीपेक्षा मोठं असतं आणि उरलेला भाग गादीखाली खोचला जातो. खोचलेल्या भागात तार असेल तर तिची उष्णता वरही जात नाही आणि खालीही नाही. पांघरायच्या ब्लँकेटला पायाकडे तार नसलेली पट्टी असते, खोचायची ती तेवढीच. गादीवर अंथरायचं ब्लँकेट कडेवरून खाली वळता कामा नये. त्याला बंद किंवा इलॅस्टिक असेल तर ते बांधायलाच हवेत. ते न बांधता वापरलं की कुशी बदलता बदलता ब्लँकेट सरकतं, कमरेखाली त्याची वळकटी होते आणि पहाटे तीनला दिवा लुकलुकायला लागतो. संध्याकाळी बघावं तर सगळं व्यवस्थित अंथरलेलं! म्हणून तपासायचं असेल तर सकाळी उठल्याबरोबर, अंथरूण आवरायच्या आधी, चादर उचलून बघा. ब्लँकेट रात्री कसं झालं होतं ते तेव्हाच दिसतं.

दुसरं कारण वरचं ओझं. गादीवरचं ब्लँकेट, त्यावर चादर, मग माणूस, मग पांघरूण, इथपर्यंत ठीक. पण त्या ब्लँकेटवर जाड टॉपर (गादीवर घालायचा जादा थर) किंवा मेमरी फोम टाकला तर उष्णता खाली कोंडते, आपल्याला ऊब लागत नाही, आपण बटण आणखी वर नेतो, आणि तार तापत राहते. शिवाय मेमरी फोम उष्णतेने मऊ पडतो, त्यात शरीर खोल रुततं आणि त्या जागी ब्लँकेट ताणलं जातं. अशा गादीसाठी ब्लँकेट चालेल का हे गादीवाल्याची आणि ब्लँकेटवाल्याची, दोघांचीही पुस्तिका बघून ठरवा. पांघरायच्या ब्लँकेटवर मात्र आणखी जड रजया रचू नका. दिवसा पलंगावर पडलेला उशांचा ढीग, कपड्यांचं गाठोडं, बॅग हेसुद्धा चालू ब्लँकेटवर नको. मांजर वेगळाच विषय आहे. ते नेमकं तापलेल्या जागी मुटकुळं करून बसतं, खाली उष्णता कोंडते, आणि आळस देताना नखं थेट तारेच्या आवरणात जातात. मांजर ऐकणार नाही, तेव्हा ब्लँकेटच बंद करा.

वर-खालीपणाचा गोंधळही होतो. अंथरायचं ब्लँकेट अंगावर घेणं किंवा पांघरायचं ब्लँकेट अंगाखाली घालणं, दोन्ही चूक. पहिल्याची तार आणि तिची नियंत्रण-पद्धत वजनाखाली पसरून राहण्याच्या हिशोबाने केलेली असते, दुसऱ्याची मोकळ्या हवेच्या हिशोबाने. उलटं वापरलं की कंट्रोलर गोंधळतो आणि तारा लवकर तुटतात. पलंग मोटरवर वरखाली होणारा असेल तर सांध्यात ब्लँकेट आणि वायर दोन्ही चिमटतात. गरम पाण्याची पिशवी आणि ब्लँकेट एकत्र वापरणाऱ्यांनी त्यातलं एक निवडावं.

घडीची शंका असेल तर अशी परीक्षा घ्या. ब्लँकेट काढा, प्लग काढलेला असताना खिडकीच्या उजेडासमोर दोन हातांनी ताणून धरा. तारांच्या ओळी सावलीसारख्या दिसतात. त्या समांतर आणि सारख्या अंतरावर हव्यात. दोन तारा जवळ आलेल्या, एकमेकींवर चढलेल्या किंवा कापडाच्या खणातून निसटून गोळा झालेल्या दिसल्या तर तिथेच जास्त ताप होतोय. मग चिमटीने प्रत्येक ओळ चाचपत जा. कडक झालेला तुकडा, मधेच मोडल्यासारखी लागणारी जागा, कापडावर पिवळसर-तपकिरी डाग, यांतलं काहीही हाताला किंवा डोळ्याला लागलं तर ते ब्लँकेट पुन्हा अंथरायचं नाही. सरळ, मऊ, सारखं लागलं तर ते सपाट अंथरून, वर फक्त एक चादर टाकून, दिवसा जागेपणी दोन तास चालवा. तसं चाललं आणि रात्री बंद पडलं तर दोष अंथरण्यात आहे. तसंही बंद पडलं तर दोष आत आहे.

एक बाजू गरम, एक बाजू गार

दुहेरी पलंगाच्या ब्लँकेटमध्ये बहुधा दोन स्वतंत्र तारा आणि दोन कंट्रोलर असतात. हे तपासणीसाठी वरदानच. एक बाजू सारखी बंद पडत असेल तर दोन्ही कंट्रोलर काढून अदलाबदल करा (भिंतीचे प्लग आधी काढून). दोष कंट्रोलरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर कंट्रोलर खराब, आणि तेवढाच सुटा, त्याच मॉडेलचा मागवता येतो. दोष जागीच राहिला तर त्या बाजूची तार गेली. दुसऱ्या मॉडेलचा कंट्रोलर केवळ जोड बसतो म्हणून लावू नका. तारेचा थर आणि कंट्रोलर एकमेकांसाठी जुळवलेले असतात, पिनांचा आकार जुळला म्हणजे ते जुळले असं होत नाही.

जाता जाता एक गमतीचा पण खरा प्रकार. कंट्रोलर उलटसुलट जोडले जातात आणि नवऱ्याच्या हातातलं बटण बायकोची बाजू तापवतं. त्याला गरम होतं म्हणून तो आपलं बटण खाली करतो, त्याने ती गारठते. ती आपलं वर करते, त्याने तो आणखी भाजतो. रात्रभर हे चालतं आणि सकाळी दोघांची एकच तक्रार: 'ब्लँकेट बिघडलंय.' कंट्रोलरवर डावा-उजवा अशी चिठ्ठी चिकटवली की मिटलं.

दिवा चालू, पण नुसतं कोमट

इथे गणित कामाला येतं. तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर १०० वॉट देणारं ब्लँकेट १९० व्होल्टवर साधारण ६८ वॉटच देतं. संध्याकाळी दिवे मंद होत असतील तर ब्लँकेटही मंद होणारच, त्यात त्याचा दोष नाही. उलट्या दिशेने हेच गणित भयंकर होतं. १२० व्होल्टच्या देशातून आणलेलं ब्लँकेट २३० व्होल्टवर लावलं तर ते साडेतीनपटीहून जास्त शक्ती खेचतं. पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. असं ब्लँकेट तापताना 'जरा जास्तच छान' वाटतं आणि थोड्याच वेळात जळतं.

मल्टिमीटर हाताळता येत असेल तर आणखी एक तपासणी. प्लग काढलेला, कंट्रोलर सुटा केलेला, आणि ब्लँकेटच्या जोडाच्या पिनांमधला रोध मोजा. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॉट, म्हणजे २३० व्होल्ट आणि १०० वॉटला साधारण ५३० ओहम, १२० व्होल्टला १४४. पिना दोनपेक्षा जास्त असतील तर त्यांतली एक जोडी या आकड्याच्या आसपास यायला हवी. कुठल्याच जोडीत काही येत नसेल तर तार तुटली आहे. मीटर धरून ब्लँकेट हलवलं आणि आकडा नाचला तर तार तुटायच्या बेतात आहे, आणि मधूनमधून बंद पडण्याचं ते पक्कं कारण. मात्र आकडा बरोबर आला म्हणजे ब्लँकेट सुरक्षित आहे असं समजू नका. मीटरला इन्सुलेशनची भेग दिसत नाही. कमी व्होल्टेजवर, अडॅप्टरमार्फत चालणाऱ्या ब्लँकेटना अर्थात हे आकडे लागू नाहीत.

इथे थांबायचं

जळकट वास, करपलेला डाग, उघडी तार, कंट्रोलर हाताला चटका देण्याइतका गरम, चुरचुर आवाज, ओलं झालेलं आणि नीट न वाळलेलं ब्लँकेट: यांपैकी एकही असेल तर प्लग काढा आणि पुन्हा लावू नका. नव्या ब्लँकेटला पहिले काही तास थोडा प्लास्टिकचा वास येतो, तो चालतो. जुन्याला अचानक यायला लागला तर नाही. ब्लँकेट चालू केल्यावर घरातला आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर विषय संपला, आणि तो पडत नाही म्हणून सगळं आलबेल आहे असंही नाही. दुसऱ्या माणसाला हात लावल्यावर मखमलीसारखी किंचित मुंगी जाणवणं हे थेट घरच्या विजेवर चालणाऱ्या ब्लँकेटांत कोरड्या स्थितीतही कधी कधी होतं, पण झटका किंवा टोचणी जाणवली तर ती कितीही हलकी असो, वापर बंद.

आतली तार जोडायची नाही. डाग देऊन (सोल्डर करून) नाही, पीळ मारून नाही, टेप लावून तर नाहीच. जोडलेल्या ठिकाणी रोध बदलतो, तीच जागा जास्त तापते, आणि त्या जागी ताप ओळखणारा थर तुम्ही स्वतःच तोडलेला असतो. फाटलेलं कापड शिवताना सुईसुद्धा तारेत जाऊ शकते, आणि ब्लँकेट सरकू नये म्हणून सेफ्टी पिन लावणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. टाकून देताना वायर मुळाशी कापून टाका, म्हणजे 'चांगलं दिसतंय की' म्हणून दुसरं कोणी ते लावणार नाही. नियमित वापराचं ब्लँकेट दहाएक वर्षांनी बदलावं असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो योग्य आहे, कारण इन्सुलेशन बाहेरून धडधाकट दिसत असतानाच आतून कडक होत जातं.

दोष बहुतेकदा कपाटात जन्मतो

थंडी सुरू झाली, ब्लँकेट काढलं आणि पहिल्याच रात्री दिवा लुकलुकला, हे इतक्या वेळा घडतं की कपाटाकडेच बघायला हवं. घट्ट घडी घालून वर गाद्यांचा ढीग ठेवला की घडीच्या रेषेवर तारा महिनोन्महिने दबून राहतात, आणि दर वर्षी घडीही त्याच रेषेवर. सैल गुंडाळी करा, किंवा मोठ्या घड्या घालून सगळ्यात वर ठेवा. डांबरगोळ्या टाकू नका. इतर लोकरीच्या कपड्यांना चालतं ते इथे चालत नाही, त्या रसायनाने तारेवरचं प्लास्टिक खराब होतं. त्याच कारणाने ड्रायक्लीनिंगलाही कधीच देऊ नका आणि ब्लीच वापरू नका.

धुता येतं की नाही हे लेबल सांगेल. येत असेल तर कंट्रोलर काढून, थंड किंवा जेमतेम कोमट पाण्यात सौम्य पावडरने थोडा वेळ भिजवा आणि हलक्या फेरीवर धुवा. पिळायचं नाही. पिळा म्हटलं की आपले हात सवयीने जोर लावतात, आणि ती तार साडी नव्हे. दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा, चिमटे तारांवर लावू नका, इस्त्री नको. लवकर वाळावं म्हणून ब्लँकेट स्वतःच्याच उष्णतेवर चालू करणं हा सगळ्यात वाईट उपाय. वाळल्यावरही जोडाच्या आत ओल राहते, म्हणून आणखी एक दिवस तसंच ठेवा. धुतल्यानंतर लगेच सुरू झालेल्या तक्रारींत ओला जोडच पहिला बघावा.

रात्रभर चालवायलाच हवं का?

मधेच बंद पडण्याचा त्रास ज्यांना होतो त्यातल्या बऱ्याच जणांना मी उलट विचारेन: रात्रभर चालू कशाला हवं? झोप लागल्यावर शरीराचं तापमान आपोआप थोडं उतरतं आणि तसं ते उतरायलाच हवं. झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी मोठ्या आचेवर गादी तापवा, आत शिरताना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणा किंवा बंद करा. वरचं पांघरूण चांगलं असेल तर ती ऊब बराच वेळ टिकते.

आणखी एक कारण आहे. मोरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ साली दाखवलं की ४४ अंश सेल्सिअसचा सतत स्पर्श सुमारे सहा तास राहिला तर कातडी भाजते. हे तापमान हाताला नुसतं सुखद गरम लागतं, म्हणून झोपेत कळत नाही. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली माणसं, झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेतलेली माणसं, तान्ही मुलं, आणि स्वतः बटण बंद करू न शकणारे आजारी यांच्यासाठी चालू ब्लँकेट नकोच. आजी-आजोबांसाठी घेत असाल तर ते कंट्रोलर स्वतः चालवू शकतात का हे आधी बघा. पेसमेकर असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारून. मांड्यांवर किंवा पाठीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग दिसायला लागले तर ते सततच्या उष्णतेचे असू शकतात. वापर थांबवून डॉक्टरांना दाखवा.

नवीन घ्यायचंच असेल तर

पलंगासाठी मी अंथरायचं सुचवेन. उष्णता वर येते, गादी आणि पांघरूण दोन्हीकडून ती टिकते, त्यामुळे कमी वॉटमध्ये काम होतं. शंभर वॉटचं ब्लँकेट आठ तास पूर्ण ताकदीने चाललं तरी ०.८ युनिट, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच. चारही कोपऱ्यांना बांधायचे बंद किंवा भोवती इलॅस्टिकची झालर हवी. माप गादीएवढं किंवा किंचित लहान, मोठं कधीच नाही. कंट्रोलर सुटा होणारा हवा, नाहीतर धुताच येत नाही आणि अदलाबदल करून तपासताही येत नाही. जोड कुठल्या कोपऱ्यात आहे आणि तुमचं सॉकेट कुठे आहे हे घरी मोजून जा. वायर पलंगावरून आडवी ओढावी लागली की दोन महिन्यांत तो जोड सैल झालाच समजा. डबीवर तुमच्या देशाचं सुरक्षा प्रमाणचिन्ह असावं आणि आयईसी ६०३३५-२-१७ या ब्लँकेटसाठीच्या मानकाचा उल्लेख असावा. 'ओव्हरहीट प्रोटेक्शन' एवढंच मोठ्या अक्षरात लिहिलेलं पुरेसं नाही. जास्त आकडे असलेल्या कंट्रोलरपेक्षा, टायमरची वेळ आपल्याला ठरवता येणारा कंट्रोलर घ्या.

आणल्यावर पहिल्यांदा दिवसा चालवा. सपाट अंथरून अर्ध्या तासाने तळहात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. सगळीकडे सारखं हवं, कुठेही एकच जागा ठळक गरम नको. अशी जागा सापडली तर तेव्हाच परत करा, बिलाची मुदत संपायच्या आत. आणि खरेदीचं वर्ष पक्क्या शाईने लेबलवर लिहून ठेवा.